दुभती, भाकड आणि गाभण : घरच्या गाईच्या अंगस्थितीचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

शेतकरी कुटुंबाच्या बोलण्यात ‘गाय’ हा शब्द एकटा क्वचितच येतो. गाय गाभण असते, नुकतीच व्यालेली असते, दुभती असते, आटलेली असते किंवा भाकड असते. ती पहिलारू असते अथवा दुसऱ्या-तिसऱ्या वेताची असते. ही विशेषणे केवळ वर्णनपर नव्हेत. गव्हाणीत काय पडावयाचे हे त्यांच्यावरून ठरते. दुभत्या गाईला पेंडीचे आंबोण, भाकड गाईला उरलासुरला कडबा, अशी वाटणी महाराष्ट्राच्या पठारी भागातील असंख्य गोठ्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. दुभत्या गाईच्या लाथाही गोड मानणारी म्हण याच व्यवहारातून निघाली. पेंड विकत घ्यावी लागते, कडबा मोजका असतो. तेव्हा जी देते तिला आधी द्यावे, हा हिशेब दुष्टपणाचा नसून तुटीच्या संसाराचा आहे.

परंतु गाईचे शरीर या हिशेबाप्रमाणे चालत नाही. त्याचे पंचांग निराळे आहे, आणि ते बादलीशी जुळणारे नाही. घरच्या एकुलत्या एका गाईचे वजन योग्य राखणे म्हणजे नेमके काय, ते कसे ओळखावे, आणि शब्दांच्या वाटणीप्रमाणे चाललेल्या खाद्याच्या वाटणीमुळे ते का बिघडते, याचा विचार येथे करावयाचा आहे. हा विचार पशुवैद्यकापुरता मर्यादित नाही. नित्याच्या व्यवहारातील एखाद्या शब्दाने वस्तूंचे जे वर्गीकरण केले असते, त्याचे प्रत्यक्ष परिणाम किती दूरवर जातात, याचेही हे एक बोलके उदाहरण आहे.

२. वजन आणि अंगस्थिती

प्रथम ‘वजन’ या शब्दाचाच विचार केला पाहिजे. खेड्यातील गोठ्यात जनावर चढविण्याजोगा काटा नसतो. म्हणून टेपने माप घेऊन वजनाचा अंदाज करण्याची रीत रूढ झाली. पुढच्या पायांच्या लगत मागे छातीचा घेर घ्यावा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंत लांबी घ्यावी. दोन्ही मापे इंचांत असावीत. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे व ३०० ने भागावे, म्हणजे वजन पौंडांत मिळते. घेर ६० इंच व लांबी ५० इंच असेल तर उत्तर ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो येते. औषधाची मात्रा ठरविण्यास व खाद्याचा अंदाज बांधण्यास हे सूत्र उपयोगी आहे.

तथापि गाय सुस्थितीत आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर या आकड्यातून मिळत नाही. एक तर गाईच्या कोठीपोटातील ऐवज व तिने एका वेळी प्यालेले पाणी एवढ्यानेच काट्यावरचे वजन बरेच खालीवर होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गाभण गाईच्या पोटात वासरू, गर्भजल व वार यांचे वजन अखेरच्या महिन्यांत झपाट्याने वाढत असते. त्यामुळे तिच्या स्वतःच्या अंगावरचे मांस व चरबी झिजत असतानाही तिचे एकूण वजन वाढत असलेले दिसू शकते. घरातील माणसे वाढते पोट पाहून समाधान मानतात, आणि त्याच वेळी पाठ खचत असते.

या कारणाने अभ्यासकांनी वजनापेक्षा अंगस्थिती, म्हणजे हाडांवरील मांस-चरबीचा साठा, हे प्रमाण अधिक विश्वसनीय मानले. साठा हाताने चाचपून त्याला १ ते ५ पर्यंत अंक देण्याची पद्धत दुभत्या गाईंसाठी अमेरिकेत व्हर्जिनियातील वाइल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडली. कॅलिफोर्नियातील एडमन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तिचा सचित्र तक्ता दिला. वशिंडाच्या गाईंसाठी निकल्सन व बटरवर्थ यांची मार्गदर्शिका १९८६ मध्ये आदिस अबाबा येथून निघाली. तिच्यात रोड, मध्यम व पुष्ट असे तीन मुख्य वर्ग करून प्रत्येकाचे पुन्हा तीन भाग, म्हणजे एकूण नऊ पायऱ्या कल्पिल्या आहेत. खिलार, देवणी, डांगी, गवळाऊ अथवा लाल कंधारी गाय पाहताना ही दुसरी मोजपट्टी अधिक जवळची ठरते. कारण या जातींचा बांधा मुळातच सडसडीत असतो, आणि विलायती गाईच्या चित्राशी त्यांची तुलना केल्यास निरोगी गायही रोड वाटण्याचा संभव असतो.

३. पोट आणि पाठ

अंगस्थिती पाहण्यास कोणतेही साधन लागत नाही. गाय सपाट जागी उभी करावी, मागून व बाजूने पाहावे, आणि मग हात लावावा. चार ठिकाणे महत्त्वाची आहेत : बरगड्या, कमरेच्या मणक्यांची आडवी टोके, कमरेची दोन उंच हाडे व पुठ्ठ्याची मागील हाडे यांच्यामधील खळगा, आणि शेपटीच्या मुळाच्या दोन्ही अंगांच्या खोलगट जागा.

आडव्या टोकांची धार बोटांना सुरीसारखी लागत असेल, शेपटीच्या मुळाशी खोल खळगे असतील व दुरूनच सर्व बरगड्या मोजता येत असतील, तर पाच अंकी पद्धतीत तो १ अंक होय. टोके दिसतात पण धारदार लागत नाहीत, ही स्थिती २ अंकाची. टोके दिसत नाहीत, पण तळहाताने किंचित दाबताच प्रत्येक टोक निराळे लागते, शेपटीच्या मुळाशी थोडासा मऊ थर आहे, ही ३ ची खूण. जोराने दाबल्याशिवाय हाड लागत नाही तेव्हा ४. आणि हाड सापडतच नाही, शेपटीचे मूळ चरबीत बुडाले आहे, तेव्हा ५. वितेवेळी ३ च्या आसपास, फार तर साडेतीनपर्यंत अंक असावा, असे आजचे सर्वसाधारण मत आहे. देशी गाईचे वशिंड भरलेले असले तरी त्यावरून निर्णय करू नये. लांब केसांच्या किंवा हिवाळ्यात अंग फुगवून उभ्या राहणाऱ्या जनावराच्या बाबतीत डोळा फसतो. तेथे हातच खरा.

येथे पोट आणि पाठ यांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. डावी भकाळी भरलेली की खोल गेलेली, यावरून गाईने आज किती खाल्ले ते कळते. पाठ व पुठ्ठा यांवरून गेल्या दोन-तीन महिन्यांत तिला काय मिळाले ते कळते. आषाढ-श्रावणात कोवळ्या गवताने पोट टम्म दिसते. परंतु अशा दहा किलो गवतात आठ किलोंच्या आसपास पाणीच असते. म्हणून भरल्या पोटाची गाय रोड असू शकते, आणि पोट खपाटीला गेलेली पुष्ट गाय एकाच दिवसाच्या उपवासाने रोड ठरत नाही.

४. शरीराचे पंचांग

गाईचा गर्भकाळ सुमारे २८० ते २९० दिवसांचा असतो. व्याल्यानंतर चार ते आठ आठवड्यांत दूध सर्वाधिक होते. भूक मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. तिची परमावधी यावयास आणखी कित्येक आठवडे जातात. या मधल्या काळात गाय जितके खाते त्याहून अधिक दुधावाटे देते. उणीव भरून काढण्यासाठी ती अंगावरची चरबी व काही प्रमाणात मांस खर्च करते. ही झीज नैसर्गिक असून कितीही खाऊ घातले तरी ती सर्वस्वी टळत नाही. प्रश्न एवढाच की, खर्च करण्यास साठा आहे काय, आणि खर्च किती वेगाने होतो. पाच अंकी पद्धतीत अर्ध्या अंकाची घट स्वाभाविक समजतात. एका अंकाहून अधिक घट झाली तर ती संकटाची सूचना होय.

साठा नसलेली गाय व्याली म्हणजे काय होते ? पहिला फटका दुधाला बसत नाही. शरीर प्रथम वासराची व कासेची सोय पाहते. बादली काही दिवस भरत राहते आणि घरातील माणसांना शंका येत नाही. प्रथम थांबतो तो माज. साठा घटत असता बीजकोशाचे चक्र मंदावते. गाय व्याल्यावर दोन-तीन महिन्यांनी माजावर यावयाची ती येत नाही, किंवा माज इतका सौम्य असतो की तो ध्यानातच येत नाही. माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असल्याने हुकलेला प्रत्येक माज पुढचे वेत तीन आठवड्यांनी लांबवितो. असे चार-पाच माज हुकले की पुढील वर्षी सुमारे तीन-साडेतीन महिने घरात दूध नसते. एकच गाय असलेल्या कुटुंबाला याचा अर्थ स्पष्ट असतो : मुलांसाठी दूध विकत आणावे लागते, आणि डेअरीकडून येणारी रोकड थांबते.

प्राचीन वैयाकरणांना हे व्यवहारज्ञान अपरिचित नव्हते. दरवर्षी विणाऱ्या गाईला ‘समांसमीना’ हे नाव असून त्याच्या सिद्धीसाठी पाणिनीने एक स्वतंत्र सूत्र (५.२.१२) दिले आहे, लगेच पुढील सूत्रात आज-उद्या विणाऱ्या ‘अद्यश्वीना’ची व्यवस्था आहे. अमरकोशात नुकतीच व्यालेली ती ‘धेनु’, आणि व्यालेल्यास बराच काळ लोटलेली ती ‘बष्कयणी’. या सर्व नावांचे एक वैशिष्ट्य असे की, ती गाईला तिच्या वेताच्या काळावरून ओळखतात. ती किती देते यावरून नव्हे.

५. एक शब्द, तीन अवस्था

मराठीतील ‘भाकड’ हा शब्द याहून वेगळ्या वळणाचा आहे. तो दूध नसणे एवढेच सांगतो. ‘भाकडकथा’ या समासात त्याला आलेला निरर्थकतेचा रंग सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्यातून काही निष्पन्न होत नाही ते भाकड. शब्दाचा हा भावार्थ गोठ्यात शिरला म्हणजे ज्या गाईतून काही निघत नाही तिच्यावर खर्च कशाला, असा निष्कर्ष नकळत निघतो.

वास्तविक ‘भाकड’ या एकाच नावाखाली निदान तीन भिन्न अवस्था एकत्र झालेल्या आहेत. पहिली, दूध आटले आहे पण गाय गाभण नाही. दुसरी, दूध आटले आहे आणि गर्भ तीन-चार महिन्यांचा आहे. तिसरी, दूध आटले आहे आणि वीत दोन-अडीच महिन्यांवर आलेली आहे. पहिलीला शरीरनिर्वाहापुरते खाद्य पुरते. तिच्या बाबतीत खरा प्रश्न ती का गाभ धरत नाही हा असून त्याची तपासणी करून घ्यावयास हवी. दुसरीची गरज पहिलीहून फारशी अधिक नसते. मात्र ती रोड असेल तर साठा भरून काढण्यास हाच सवडीचा काळ होय. तिसरीची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. गर्भाच्या वजनाची निम्म्याहून बरीच अधिक वाढ अखेरच्या तीन महिन्यांत होते. कास नव्या वेतासाठी तयार होत असते, चीक बनावयाचा असतो, आणि वाढत्या गर्भाशयामुळे पोटातील जागा कमी होऊन खाणेही थोडे घटते. म्हणजे ज्या काळात गरज वाढते व क्षमता घटते, नेमक्या त्याच काळात त्या गाईच्या वाट्याला कोरडा कडबा येतो.

हीच गाय ‘गाभण’ही असते, हे घरातील कोणासही ठाऊक नसते असे नाही. एकाच जनावरास लागू पडणारे दोन शब्द एकाच वेळी वापरात असतात : डोहाळ्यांची दृष्टी तिला गाभण म्हणते, बादलीची दृष्टी भाकड म्हणते. परंतु पेंडीचे पोते उघडताना बहुधा दुसरा शब्द प्रभावी ठरतो. गाय व्याली की तिचे नाव पालटते, आणि मग एकाएकी सरकी, गूळ, बाजरी यांचा वर्षाव सुरू होतो. ही माया उशिरा आलेली असते. कारण झीज सुरू झाल्यावर ती भरून काढणे शरीराला जमत नाही, ती फक्त सावरता येते.

६. गव्हाणीचा हिशेब

सुमारे ३०० किलो वजनाच्या देशी गाईचे उदाहरण घ्यावे. तिला दररोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे साडेसात किलो शुष्क पदार्थ लागतो. दिवसाला पाच लिटर दूध देत असता चार किलो कडबा, दहा किलो लसूणघास किंवा तत्सम हिरवी वैरण आणि दोन किलो आंबोण यांतून ही गरज बहुतेक भागते. आंबोणाचा स्थूल नियम असा की, दर अडीच लिटर दुधामागे एक किलो द्यावे. हिरवी वैरण मुळीच नसेल तर निर्वाहासाठी आणखी एक-सव्वा किलो धरावे. दूध आटल्यावर आणि वीत दूर असताना आंबोण बरेच कमी करता येते. परंतु गर्भाच्या अखेरच्या तीन महिन्यांत, दूध नसतानाही, सुमारे सव्वा किलो आंबोण पुन्हा चालू केले पाहिजे. संकरित गाईच्या गरजा तिच्या आकाराप्रमाणे व दुधाप्रमाणे वाढतात. तत्त्व तेच राहते.

कडब्याविषयी विशेष सांगावयाचे ते असे की, त्यात प्रथिने फार थोडी असतात. एकूण खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांखाली गेले म्हणजे कोठीपोटातील सूक्ष्म जंतूंची उपासमार होते, तंतूंचे पचन मंदावते, आणि गव्हाणीत कडबा शिल्लक असूनही गाय कमी खाते. अशा वेळी मूठभर पेंड अथवा तूर-हरभऱ्याची चुनी केवळ स्वतःची भर घालीत नाही. तिच्यामुळे कडबाही पचू लागतो. कडब्याची कुट्टी केल्याने नासाडी टळते. मीठ व खनिज मिश्रण यांची रोज थोडी मात्रा आणि स्वच्छ पाणी भरपूर असावे. कोरड्या वैरणीवरील गाईस पाणी तोकडे पडले तर तिचे खाणे आपोआप घटते.

देशावरील ऋतुचक्र या हिशेबात आणखी एक अडचण आणते. हिरवा चारा पावसाळ्यापासून कार्तिकापर्यंत, पुढे बागायत असेल तर थोडाफार. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत कडब्याच्या गंजीवर भिस्त. गाय या चार महिन्यांत विणार असेल तर तिची अंगस्थिती मार्गशीर्षातच पाहून ठेवली पाहिजे. चैत्रात पाठ दिसू लागल्यावर केलेली धावपळ फारशी उपयोगी पडत नाही. अवर्षणाच्या वर्षी तर साठा हाच विमा असतो. १९७२ च्या व २०१२-१३ च्या दुष्काळांत ज्या कुटुंबांना जनावरे विकावी किंवा छावणीत न्यावी लागली, त्यांचा हा अनुभव आहे.

७. अतिपुष्टतेचा दोष

येथवरच्या विवेचनावरून भाकड गाईला जितके अधिक द्यावे तितके चांगले, असा अर्थ कोणी घेऊ नये. विशेषतः अधिक दूध देणारी संकरित गाय विण्याच्या वेळी फार पुष्ट असेल तर तिची भूक विल्यानंतर मंदावते. चरबी एकदम सुटून यकृतात साचते. कीटोसिससारखे विकार जडतात, आणि वीतही अवघड जाऊ शकते. दीर्घकाळ गाभ न धरलेली, पण लाडाने पेंड खाणारी गाय या वाटेने जाते. पुष्ट गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत उपाशी ठेवून बारीक करणे हा तर घातक उपाय होय. त्यामुळे तीच चरबी विण्यापूर्वीच यकृताकडे धावते. अंगस्थिती सुधारावयाची, मग ती वाढवून असो की घटवून, ती दूध चालू असताना, वेताच्या उत्तरार्धात. त्या काळी खाद्यातील ऊर्जा अंगावर साठविण्याचे कामही शरीर अधिक काटकसरीने करते. आटल्यानंतरचे दोन महिने आहे ती स्थिती राखण्याचे.

मायेचा आणखी एक प्रकार सणासुदीचा. वसुबारसेला गाईस नैवेद्याचा घास देणे हा संस्कार आहे, आणि एका घासाने बिघडत नाही. पण लग्नातील उरलेला भात, पोळ्या व पुरण यांची पाटी गाईपुढे ओतली तर कोठीपोटातील आम्लता एकाएकी वाढते, रवंथ थांबतो, आणि प्रसंगी गाय दगावते. खाद्यातील कोणताही मोठा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा, हा नियम याच कारणासाठी आहे.

शेवटी, पुरेसे खाद्य मिळूनही महिन्या-दीड महिन्यात पाठ भरत नसेल तर दोष गव्हाणीत नसून अन्यत्र असतो. जंत व यकृतातील कृमी, झिजलेले दात, दीर्घकाळ चालणारी हगवण, क्षयासारखा रोग यांपैकी काय आहे ते पशुवैद्यकाने शेण व जनावर तपासून सांगावयाचे असते. अशा गाईला नुसती पेंड वाढविणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे होय.

८. उपसंहार

व्यवहारात यातून निघणारी शिस्त साधी आहे. गोठ्याच्या भिंतीवर गाय फळविल्याची, आटविल्याची व व्याल्याची तारीख लिहावी, आणि दर पौर्णिमेला घरातील एकाच व्यक्तीने तिच्या पाठीवर हात ठेवून अंक नोंदवावा. हात तोच असावा. कारण दोन माणसांचे अंक किंचित निराळे पडतात, परंतु एकाच हाताला चढउतार बरोबर कळतो. हे काम बहुधा धार काढणारी गृहिणीच उत्तम करील, कारण गाईला तिच्या स्पर्शाची सवय असते. दोन पौर्णिमांत अर्ध्या अंकाचा फरक पडला की कारण शोधावे.

‘भाकड’ हा शब्द भाषेतून जाणार नाही, आणि जावा असेही नाही. बादली रिकामी आहे ही माहिती घराला हवीच असते. फक्त तिच्यावरून गव्हाण ठरू नये. ज्या गाईच्या पोटात पुढचे वासरू व पुढच्या वेताचे दूध दोन्ही आकार घेत आहेत, तिला घराने गाभण या नावाने हाक मारावी व त्या नावाने वाढावे. पुढील वेतातील दुधाचा आणि माजाचा निर्णय पुष्कळ अंशी या दूध नसलेल्या महिन्यांतच होऊन जातो.